मी तुला मळलं नाही

प्लेनो, ६ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानदा,

प्रसादच्या बॅगेत पोळ्या आहेत आणि पोळ्यांच्या पुडक्याखाली हे पत्र. आशीर्वाद दोन्हींत आहेत. त्याची बहीण आमच्या गल्लीत राहते म्हणून तुझी चैन आहे, नाहीतर ॲन आर्बरच्या थंडीत ब्रेड चावत बसली असतीस. पोळ्या आधी फ्रीजरमध्ये टाक, गप्पा मागून मार.

काकूला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. तुझे काका फोन कायम स्पीकरवर ठेवतात, हे तुला माहीत आहे. ईमेल आम्हा दोघांत एकच, आणि तो आधी तेच उघडतात. त्यांच्याविषयी काही सांगायचं तर मला पत्राशिवाय वाट नाही. उत्तर शेजारच्या दीपाच्या पत्त्यावर पाठव.

तर, त्यांचा काचबिंदू बळावलाय. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. आणि दिसत नाही हेच त्यांना कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं, "नो मोर ड्रायव्हिंग." पार्किंगमध्ये पोचेपर्यंत त्याचं "जरा जपून चालवा" झालं होतं, आणि मला शेजारी बसवून हे हायवेला लागले. आधी आमची मेलबॉक्स आडवी झाली. मग गेल्या मंगळवारी शाळेच्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बॉनेटवर हात आपटला म्हणून हे थांबले. वर काच खाली करून त्यांनाच म्हणाले, "यू केम फ्रॉम नोव्हेअर!" त्या बाईंच्या मागे एक लाल दप्तर होतं. ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी सांगून पाहिलं. म्हणाले, "तू हायवेवर जायला घाबरतेस, म्हणून मला घाबरवू नकोस." पण तुझं ऐकतात. तू एमएसला आलीस तेव्हा गाडी त्यांनीच शिकवली तुला. इंजिनिअरिंग सोडून धर्मांचा इतिहास शिकणार म्हणालीस, तेव्हा तुझ्या बाबांशी तेच भांडले. मंडळात अजून सगळ्यांना सांगतात, "पुतणी मानीवर पीएचडी करतेय." मानी कोण, असं कुणी चुकून विचारलं की त्याचं जेवण गार होतं. तू मागितलीस तर किल्ली हातात देतील. ये आणि माग, एवढंच.

तुझा तो इराणी बाबा, मानी, कसा आहे?

काकू

ॲन आर्बर, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय काकू,

पोळ्या पोचल्या. थोड्या प्रसादनं विमानातच संपवल्या, त्याला माफ कर.

बाबा मजेत आहे. सध्या मी त्याच्या लहानपणाच्या प्रकरणात अडकले आहे. अठराशे वर्षांपूर्वीचा बाबिलोन. आई पोटुशी असताना बापाला, पत्तिग त्याचं नाव, देवळात आवाज ऐकू आला म्हणे: मांस सोड, दारू सोड, बाईचा संग सोड. तो उठला आणि एका स्नानपंथात जाऊन राहिला. मुलगा जरा मोठा झाल्यावर त्यालाही घेऊन गेला. ही मंडळी भारी सोवळी. रोज अंघोळी, आणि मळ्यातली भाजीसुद्धा पाण्यात बुडवून पवित्र करून घ्यायची. मानी तिथेच वाढला. पण त्याला भाजी तोडवेना. त्याला वाटे, पानापानांत, फळाफळांत उजेडाचे कण अडकून पडलेत, कापलं की त्यांना दुखतं. एकदा एक खजुराचं झाड माणसासारखं त्याच्याशी बोललं, अशी गोष्ट आहे. म्हणून तो स्वतः तोडत नसे. दुसऱ्यानं तोडलेली मागून घेई. पुढे ऐन तरुणपणी, आपल्या आतल्या जुळ्यानं, म्हणजे त्याला दिसणाऱ्या त्याच्यासारख्याच देवदूतानं, सांगितलं म्हणून, पंथ सोडून निघाला. बाप शोधत मागे गेला, रडला, आणि शेवटी मुलाचाच शिष्य झाला. इथे मला नेहमी काका आठवतात.

मग त्यानं धर्म काढला, त्यातही हेच आलं. माणसं दोन प्रकारची: निवडलेले आणि ऐकणारे. निवडलेल्यांनी काही कापायचं नाही, दळायचं नाही, रांधायचं नाही. ते ऐकणाऱ्यांनी करायचं, त्याचं पापही त्यांच्याच माथी, आणि भाकरी आणून निवडलेल्यापुढे ठेवायची. तो भाकरीला म्हणायचा, "मी तुला कापलं नाही, मी तुला दळलं नाही, मी तुला मळलं नाही, भट्टीत घातलं नाही. दुसऱ्या कुणी केलं आणि मला आणून दिलं. मी निर्दोष आहे." हे विरोधकांनी लिहून ठेवलंय, तेव्हा जपूनच वाचायचं. पण मला ते फार सुंदर वाटतं. तुझी पोळी खाताना मी ते म्हणून पाहिलं आणि एकटीच हसले.

काकांचं वाचून काळजी वाटली. थँक्सगिव्हिंगला येतेच आहे, तेव्हा बघू. पण खरं सांगू? तू रोज जवळ आहेस, तुला जास्त कळतं. तू जे ठरवशील ते मला मान्य. मी नेटवर पाहिलं, घरच्यांनी राज्याच्या लायसन्स ऑफिसला कळवलं तर ते पुन्हा टेस्टला बोलावतात. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस, प्लीज. काकांच्या मनातून उतरले तर मला सहन होणार नाही.

तुझी ज्ञानदा

प्लेनो, १० नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानदा,

पत्ता मिळाला. फ्रीजवर लावता येत नाही म्हणून साखरेच्या डब्यात ठेवलाय.

तुझा मानी भला माणूस असेल, पण मला एक कळलं नाही. खजुराला दुखतं म्हणून यानं हात लावला नाही, ठीक. मग ज्यानं तोडून आणून दिलं, त्याचं काय? त्याला काही वाटतच नसे का? त्याचं नाव तुझ्या पुस्तकांत कुठे आहे का बघ.

मी तोवर गाडी घराबाहेर निघू नये म्हणून काय काय करते! भाजी संपली तरी संपली म्हणत नाही. कोथिंबीर नसली तर म्हणते, आज नकोच. दुकानात दीपाबरोबर जाते. यांना संशय आलाय, "तुझं आणि दीपाचं चाललंय काय?" म्हणतात. कालच गाडी धुऊन पुसून ठेवली, तुला घ्यायला एअरपोर्टवर येणार म्हणून. संध्याकाळच्या गर्दीत! तू फ्लाइट सांगूच नकोस, परस्पर उबर करून ये. मी थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबते. ऑफिसला कळवायचं माझ्या जिवावर येतंय. माणसाला घरात सांगणं वेगळं, आणि त्याच्या पाठीमागे सरकारला सांगणं वेगळं.

खोली आवरून ठेवली आहे.

काकू

ॲन आर्बर, १ डिसेंबर २०२४

प्रिय काकू,

रागावू नकोस ना. गाइडनं प्रकरण परत पाठवलं, त्यात बर्फाचा अंदाज, म्हणून तिकीट कॅन्सल केलं. एका परीनं बरंच झालं, काकांची एअरपोर्टची एक फेरी तरी वाचली.

फोनवर मी त्यांना "जपून चालवा हं" म्हटलं. "तू शिकवणार का मला!" म्हणाले आणि इतके मनापासून हसले, की पुढचं बोलवेना.

तू विचारलं होतंस, म्हणून शोधलं. मानीसाठी भाजी तोडणाऱ्याचं नाव मला कुठे सापडलं नाही.

काकू, त्या लाल दप्तराचं मलाही सारखं आठवतं. आता थांबू नकोस. ऑफिसला कळव. पुढं जा. मी तुझ्या पाठीशी आहे.

ज्ञानदा

प्लेनो, २६ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदा,

कळवलं. दीपाच्या डायनिंग टेबलावर बसून चार ओळी लिहिल्या आणि टाकल्या. पुढे ऑफिसचं बोलावणं आलं. दीपानं आम्हाला नेलं. तिथं मशीनमध्ये बघायचं होतं, बाजूला दिवा लागला की सांगायचं. दिवे लागत होते. हे गप्प उभे. मग म्हणाले, "युअर मशीन इज नॉट वर्किंग." काउंटरवरचा पोरगा नातवाच्या वयाचा. त्यानं फार हळू आवाजात सांगितलं, "सर, इट्स वर्किंग." लायसन्स तिथंच ठेवून घेतलं.

गाडीत विचारलं, "कुणी कळवलं?" मी म्हटलं, मी. घरी आलो. मग किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "घे. जिंकलीस." तेव्हापासून ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. माझ्या हातची पोळी खात नाहीत, स्लाइस भाजून घेतात. आम्ही इतकी वर्षं इतक्या गोष्टींवरून भांडलो, पण पोळीवर राग कधी निघाला नव्हता.

मला त्याचं एवढं नाही. पण परक्या पोरासमोर उभं राहून त्यांना स्वतःच्या डोळ्यांची फजिती बघावी लागली, ती मी घडवून आणली. मला माझीच लाज वाटते गं. बरोबर केलं हे कळतं, तरी वाटते. भांडी घासताना मध्येच वाटते.

तू फोन कर त्यांना. समजावून सांग, की काकूनं वैरानं नाही केलं. तुझं ऐकतील.

काकू

ॲन आर्बर, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय काकू,

केला फोन! बराच वेळ बोललो. आधी घुश्श्यात होते, मग मोकळे झाले. मी समजूत घातली आहे, तू आता काळजी करू नकोस. थोडा काळ जाऊ दे.

"मी आता घरात साखळदंडात आहे," म्हणाले. मग मी त्यांना मानीचा शेवट सांगितला. एका राजानं त्याला मान दिला होता. पुढे राज्य बदललं, दुसऱ्या राजानं खरोखरच साखळदंडात टाकलं, त्यातच तो गेला. पण तिथंही शिष्य भेटायला येत. काका म्हणाले, "माझा शिष्य मिशिगनमध्ये आहे." हसले शेवटी.

इथं बर्फ थांबत नाही. माझं प्रकरण मार्गी लागलं, गाइड खूश आहे. प्रसाद पुढच्या आठवड्यात प्लेनोला येतोय. पोळ्या देशील? फ्रीजर रिकामा झालाय आणि मी अगदी ब्रेडवर आले आहे.

तुझी ज्ञानदा

प्लेनो, १६ फेब्रुवारी २०२५

ज्ञानदा,

तुझा फोन आला तेव्हा मी ओट्याशी होते. पोळ्याच लाटत होते, तुझ्यासाठी. फोन स्पीकरवर होता. तो कायम असतो, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

तू म्हणालीस, "काका, काकूनं असं करायला नको होतं. माझ्या कानावर असतं तर मी तिला करू दिलं नसतं."

हे म्हणाले, "बघ, तुला तरी कळतं."

मी लाटणं हातात घेऊन उभी राहिले. तव्यावरची पोळी जळाली. बाहेर येऊन बोलले असते तर त्यांच्यासमोर तू खोटी पडली असतीस, आणि मग त्यांना आपलं म्हणायला कुणीच उरलं नसतं. म्हणून गप्प बसले. ते तुझ्यासाठी नव्हतं, त्यांच्यासाठी होतं.

पत्ता तू दिलास. पुढं जा, असं तू लिहिलंस. त्या शाळेच्या कोपऱ्यावरची पोरं सुखरूप राहावीत, हे तुलाही हवं होतं. आता ती सुखरूप आहेत, आणि काकांची लाडकी तूच आहेस. मी कापलं, मी दळलं, मी भट्टीत घातलं. तू फक्त म्हणालीस, मी निर्दोष आहे. तुला ते वाक्य फार सुंदर वाटलं होतं. ते भाकरी आणून देणाऱ्याच्या कानाला कसं लागतं, ते मी त्या दिवशी ऐकलं.

पोळ्या पाठवत नाही. रागावले आहे, आणि ते तुला कळू दे.

मालिनीकाकू

ॲन आर्बर, २० फेब्रुवारी २०२५

काकू,

तुझं पत्र लायब्ररीत वाचलं आणि कोट न घालता बाहेर जाऊन उभी राहिले. कुणी ओळखीचं भेटू नये, एवढंच वाटत होतं.

काका रडत होते गं. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. त्यांना आपल्या बाजूचं कुणीतरी हवं होतं, मी झाले, आणि त्यासाठी तुला खाली ढकललं. पण तेवढंच असतं तर बरं. ते म्हणाले, "तुला तरी कळतं," आणि मला बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि गाणं गुणगुणत प्यायले. त्याची लाज मला कुठे ठेवावी कळत नाही. तिकीटही बर्फामुळे कॅन्सल केलं नव्हतं. त्यांच्यासमोर बसून किल्ली मागायची हिंमत नव्हती.

मी माफी मागत नाही, ती या कागदावर मागून होणार नाही. पुढच्या शनिवारी येते. उबरनं. त्यांना मी सांगणार आहे. तू मध्ये काही बोलू नकोस, मला वाचवू नकोस.

ज्ञानदा

प्लेनो, ९ मार्च २०२५

चि. ज्ञानदा,

तू आलीस त्या दिवसाचं, आणि तू गेल्यावर इथं काय झालं ते, लिहिते.

तू त्यांना समोर बसवून सगळं सांगितलंस, पत्ता कुणी शोधला इथपासून फोनवरच्या खोट्यापर्यंत. तू बजावलं होतंस म्हणून मी मध्ये बोलले नाही. वाटलं, ओरडतील. तर त्यांनी एकच विचारलं, "गाडी शिकवताना लेन बदलण्याआधी काय करायचं सांगितलं होतं?" तू म्हणालीस, "आरशावर भरवसा नाही ठेवायचा. मान वळवून शेजारी कोण आहे ते बघायचं." तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या काकूचं काय होतंय, ते मलाही दिसलं नाही. पण मला काचबिंदू आहे. तुला काय झालं होतं?"

तुझा चेहरा तेव्हा बघवेना मला. माझा राग तिथंच संपला, हे तुला त्या दिवशी सांगायचं होतं, पण तुझी टॅक्सी आली. ते दारापर्यंत आले नाहीत. तुला एअरपोर्टवर सोडल्याशिवाय ते कधी राहिले नव्हते. खिडकीशी उभे होते, पडद्याआड. तुला दिसले नसतील.

पुढचे दोन दिवस स्लाइसच भाजून घेतली. मग मंगळवारी ताट घेऊन आत गेले नाहीत. टेबलाशी बसले आणि म्हणाले, "पोळी वाढ." मी वाढली. खाल्ल्यावर म्हणाले, "मीठ कमी आहे." कमी नव्हतं. मी म्हटलं, "हो, कमी आहे."

शुक्रवारी मी त्यांना शेजारी बसवून दुकानापर्यंत गाडी नेली, हायवे टाळून, आतल्या रस्त्यांनी. सारखा पाय दाबत होते, जिथं ब्रेक नाही तिथं. त्या शाळेच्या कोपऱ्यावर मी थांबले. त्याच बाई होत्या. यांनी काच खाली केली आणि हात वर केला. त्यांनी ओळखलं की नाही, माहीत नाही.

तुझं नाव काढत नाहीत. मी काढलं तर उठून जात नाहीत, एवढंच. मंडळात परवा कुणीतरी मानीचं विचारलं, तर म्हणाले, "मला काही माहीत नाही." हे तुला लागेल, म्हणून लिहावं की नाही असं वाटलं. पण आता आपण एकमेकींपासून लपवायचं नाही.

प्रसादबरोबर पोळ्या नाहीत. कणीक आहे आणि माझं जुनं लाटणं आहे. ते चेक-इनच्या बॅगेत टाक म्हटलंय त्याला, सिक्युरिटीवाले हत्यार समजतील. कणीक मऊ मळ, तेलाचा हात लाव, झाकून ठेव. पाणी किती, ते हाताला कळतं. चुकेल. चुकू दे.

काकू

ॲन आर्बर, २३ मार्च २०२५

प्रिय काकू,

पहिली पोळपाटालाच चिकटली. म्हणजे पोळपाट नाही माझ्याकडे, ताट उपडं घातलं होतं. पुढच्या एक-दोन पापडासारख्या कडक झाल्या, एक जळाली. प्रसाद म्हणाला, "यार, दे इकडे, मी करतो." मी नको म्हटलं.

मग ती जळकी घेऊन जेवायला बसले. सवयीनं ते वाक्य तोंडात आलं. मी ते फिरवून म्हटलं, मोठ्यानं: मीच तुला मळलं, मीच लाटलं, मीच जाळलं. शेवटचा शब्द काही म्हणता आला नाही. तशीच खाल्ली.

काकांना आज फोन केला. उचलला. पण बोलले नाहीत. घरातला पंखा ऐकू येत होता, तुझ्या ताटल्यांचा आवाज येत होता, म्हणजे स्पीकरवर होता. मी म्हटलं, "काका, काकू, मी ज्ञानदा बोलतेय." दोघांना नीट ऐकू जावं, म्हणून जरा मोठ्यानं. पलीकडे ताटल्या थांबल्या. कुणी काही म्हणालं नाही, पण कुणी फोनही ठेवला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा करीन.

ज्ञानदा